बिबट्या जातीसाठी जगत नाही



उसात जागा अपुरी पडली की जातीच्या भल्यासाठी बिबटे आपणहून पिल्ले कमी घालतील, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. माणिकडोह, डिंभे धरणांच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावात ऊस फोफावला; लपायला आडोसा आणि खायला कुत्री-शेळ्या मिळाल्या. ज्या मादीची पिल्ले तिथे जगली, तिचा वंश वाढला. जातीचा हिशेब कोणी ठेवत नाही. नैसर्गिक निवड जातीच्या हितासाठी होत असती, तर दुसऱ्या नराची पिल्ले मारण्याची नरांची खोड केव्हाच नाहीशी झाली असती. पिल्ले गेली की मादी लवकर माजावर येते. तोटा जातीचा, फायदा त्या नराच्या वंशाचा. मग मादी पिल्लांसाठी जीव धोक्यात का घालते? पिल्लांत तिचीच निम्मी जनुके असतात. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्येच हे गणित मांडले. गटांची निवड अशक्य आहे असे मी म्हणत नाही, पण त्यासाठी आधी गट हवेत आणि बिबट्या तर एकांडा. तेव्हा संख्या आपोआप आवरेल या भरवशावर न राहता रात्रीचे गोठे बंदिस्त करावेत.

– एक वाचक, मंचर