आधी सीटी, मग दुर्बीण

लघवीतून लालभडक रक्त जाते, दुखत काहीच नाही आणि दोन दिवसांत आपोआप थांबते. घरी 'उष्णता झाली' म्हणून धन्याचे पाणी दिले जाते आणि विषय मिटतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसात हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. पुढे सोनोग्राफीत गाठ दिसली की घाईने दुर्बिणीतून ती खरवडली जाते आणि सीटी स्कॅन नंतर होतो. माझा आक्षेप या क्रमाला आहे. खरवडल्यावर लघवीच्या पिशवीची भिंत सुजते, भोवतालची चरबी धूसर दिसते आणि सीटीवर ही सूज कर्करोग बाहेर पसरल्यासारखीच भासते. मोठी किंवा खोल रुजलेली वाटणारी गाठ असेल, तर सीटी आधीच काढलेला बरा. गाठ भिंतीबाहेर गेली आहे का, लसिका ग्रंथी वाढल्या आहेत का, मूत्रवाहिनी अडून मूत्रपिंड सुजले आहे का, हे तो चांगले सांगतो.

गाठ स्नायूपर्यंत रुतली आहे का, हे मात्र सीटी खात्रीने सांगू शकत नाही, आणि पिशवी राहणार की काढावी लागणार हे बहुतांशी त्यावरच ठरते. निदानाच्या वेळी साधारण चारपैकी तिघांमध्ये रोग स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. म्हणून 'भिंत जाड' एवढ्या सीटीच्या शेऱ्यावर पिशवी काढण्याचा निर्णय होऊ नये.

आधीच पैशाची ओढाताण, त्यात तपासणीसाठी सोलापूर-लातूरची खेप, मग उपचार लांबवायचे का, असे कुणी विचारेल. रक्त थांबत नसेल किंवा गुठळ्यांनी लघवी अडली असेल तर अजिबात थांबू नये. एरवी अशा गाठीत सीटी तसाही लागणारच असतो, फक्त तो आधी काढायचा; मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहूनच सीटीचे रंगद्रव्य द्यायचे. एमआरआय स्नायूबद्दल जास्त सांगतो, पण खरवडून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीची जागा तोही घेत नाही.

कोणती तपासणी खरोखर उपयोगी पडते, हा प्रश्न आमच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्याला नवा नाही. 1999 पासून बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी येथील 1,31,746 स्त्रियांना सामावून घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन तपासण्यांची तुलना केली. 2009 मध्ये निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, बाकी दोन पद्धतींनी लक्षणीय फरक पडला नाही. तीच काटेकोर नजर मूत्राशयाच्या रुग्णालाही मिळावी. चिठ्ठीवर सीटीची आणि खरवडण्याची तारीख असावी, आणि नातेवाइकांनी तुकड्याच्या अहवालात एक ओळ शोधावी: नमुन्यात स्नायू आला आहे का? आला नसेल, तर पुन्हा खरवडावे लागेल का, हे डॉक्टरांना तिथेच विचारावे.