बुबुळावरचे भिंग आणि बुबुळाची ओळख



भाताची लावणी आटोपली, की आमच्या अंबाडी परिसरात कागदपत्रांची कामे निघतात. अशाच दिवसांत आधार केंद्रावर एक मायलेकी भेटल्या. आईच्या बोटांचे ठसे काही केल्या जुळेनात. चिखलाने आणि विळ्याने बोटे पार झिजलेली. शेवटी यंत्राने डोळ्यांवरून ओळख पटवली. लेकीच्या वेळी मात्र यंत्र अडले. ती लग्नघरातून तशीच आली होती आणि डोळ्यांत मैत्रिणीची घाऱ्या रंगाची भिंगे, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स होत्या. "काढून या," असे सांगताच पोरीने पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली; लेन्स झाकणातल्या पाण्यात ठेवणार होती. मी म्हटले, "थांब बाई, पाणी लावू नकोस."

आता यंत्र का अडले ते पाहू. डोळ्यातील काळ्या बाहुलीभोवती जी रंगीत चकती असते, तिच्यावर बारीक रेषांची नक्षी असते. ती प्रत्येकाची वेगळी, एवढेच नव्हे तर एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतही वेगळी असते. देशातील पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. या योजनेत दहा बोटांबरोबर दोन्ही डोळेही नोंदले जातात. राबणाऱ्या हातांच्या माणसाला हा मोठा आधार आहे. नंबराची साधी पारदर्शक लेन्स असली तर नक्षी बहुधा दिसते, कधी चकाकीमुळे अडचण येते. रंगीत लेन्सवर मात्र छापील ठिपके असतात. यंत्राला खऱ्या नक्षीऐवजी तेच दिसतात. म्हणून नोंदणीला आणि पडताळणीला लेन्स काढूनच जावे. ५ आणि १५ वर्षांच्या वयात मुलांचे ठसे व डोळे नोंदवावे लागतात, तेव्हाही हे विसरू नये.

यंत्र अडले तर एक खेप वाया जाते. डोळा गेला तर मात्र भरपाई नाही. विहिरीच्या, नळाच्या, नदीच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला, तर डोळ्यात फार वेदना देणारी जखम होते आणि दृष्टीही जाऊ शकते. तेव्हा आमच्याजवळच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या उन्हाळ्यांवर स्नानाला जाताना किंवा तानसा नदीत उतरताना लेन्स घरी ठेवाव्यात. कापणी-मळणीच्या वेळी भाताचे पाते किंवा कूस डोळ्याला लागून बुरशीची जखम होते. तेथे आणि औषध फवारताना लेन्सऐवजी चष्मा, व वरून संरक्षक गॉगल वापरावा. फवारा डोळ्यात गेलाच, तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळा धुवावा, धुता धुता लेन्स काढून टाकावी आणि दवाखाना गाठावा.

लेन्स वापरणाऱ्यांनी एवढे पाळावे :

१) डोळे तपासूनच लेन्स घ्यावी. दुसऱ्याची कधीही घालू नये.
२) हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच लेन्सला हात लावावा.
३) लेन्सला पाणी किंवा थुंकी लावू नये. रोज ताजे सोल्यूशन घ्यावे. जुन्यात नवे ओतू नये.
४) डबी सोल्यूशनने धुऊन उपडी वाळवावी आणि ३ महिन्यांनी बदलावी.
५) लेन्स घालून झोपू नये.
६) डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स काढून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. दूध, मध किंवा दुकानातून आणलेले थेंब घालू नयेत.

त्या मुलीने हात धुऊन, पुसून, त्या उसन्या लेन्स काढल्या आणि टाकून दिल्या. थोड्या वेळाने यंत्राने तिचे डोळे पहिल्याच खेपेला टिपले. आई म्हणाली, "देवाने दिलेलेच डोळे बरे गं." मैत्रिणीला लेन्सचे पैसे भरून द्यावे लागले असतील, पण तो सौदा स्वस्तातच पडला म्हणायचा.