रानातल्या खुणा

यंदाच्या क्रीडा सप्ताहात सातवीच्या मुलांसाठी आम्ही ओरिएंटियरिंग ठेवलं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन, ठरवून दिलेल्या क्रमाने एकेक निशाण गाठायचं. वाट ज्याची त्याने शोधायची, आणि नकाशा हातात पडतो तो शर्यत सुरू होताना. दिवाळे गावाचा नकाशा आम्हीच काढला. या खेळाच्या नकाशात पांढरं म्हणजे सहज पळता येईल असं रान, पिवळं म्हणजे मोकळी जागा. हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट. खाडीकडच्या तिवरांना आम्ही गडद हिरवा दिला आणि तिकडे कोणी फिरकायचं नाही, हे वेगळं बजावलं.

शाळेत होकायंत्रं दोनच. काही मुलांनी घरातलं किबला पाहायचं आणलं. काटा किबल्याकडेच वळतो, अशी त्यांची समजूत! काटा दाखवतो उत्तर. तिथून उजवीकडे मोजत गेलं की आपल्या भागात किबला सुमारे 280 अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या जरा उत्तरेला येतो. हे समजावण्यात अख्खा तास गेला, पण वर्षातला तोच सगळ्यात चांगला तास.

शर्यतीत आमची मुलगी पहिली आली.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही वुहानची गोष्ट सांगितली. चीनमधल्या या शहरात ऑक्टोबर 2019 मध्ये सातव्या लष्करी जागतिक क्रीडा स्पर्धा झाल्या. (2007 मध्ये याच स्पर्धा हैदराबाद आणि मुंबईत झाल्या होत्या.) ओरिएंटियरिंगच्या मध्यम अंतराच्या शर्यतीत यजमानांच्या मुली पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या, पुरुषांत एक जण दुसरा. मग युरोपातल्या सहा देशांनी तक्रार केली. रानात गुपचूप खुणा ठेवलेल्या होत्या, फक्त यजमान खेळाडूंनाच ठाऊक असलेल्या छोट्या पायवाटा तयार केलेल्या होत्या, आणि प्रेक्षकांतले काही जण त्यांना मदत करत होते. त्या शर्यतीतून सगळा यजमान संघ बाद झाला. सैनिकच ते, पळण्यात कमी नसणार. तरी कोणाला तरी त्यांचा भरवसा वाटला नाही.

गोष्ट सांगताना आमचं लक्ष तिसऱ्या बाकाकडे गेलं. मुलगी मान खाली घालून बसली होती.

घरी आल्यावर तिने विचारलं, "अम्मी, मलापण बाद करणार?"

आदल्या रात्री भाकऱ्या थापता थापता आम्हीच तिला म्हणालो होतो, "तिसरं निशाण विहिरीमागे आहे, जेटीकडून जाऊ नकोस, वळसा पडतो." तिने काही विचारलंही नव्हतं. आईचं मन, दुसरं काय! पण बाकी एकोणचाळीस मुलांनाही आया आहेतच.

सकाळी मुख्याध्यापिकांना सांगून निकाल बदलून घेतला. दुसरा आलेला मुलगा पहिला झाला. मुलगी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली तेही तक्रारीचंच: चूक तुमची, आणि नाव माझं गेलं. याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी पुन्हा शर्यत आहे. नकाशा या वेळी दुसऱ्या बाई काढताहेत. आम्ही पाणी वाटायला उभ्या राहणार, तेही शेवटच्या निशाणाच्या पुढे.