तेरची यात्रा आणि तगरचा व्यापार

ईटहून तेरास जाणारे आमचे बहुतेक व्यापारी बंधू गोरोबाकाकांच्या समाधीस माथा टेकून तसेच माघारी फिरतात. भक्तीस आमची हरकत नाही, घाईस आहे. हेच तेर प्राचीन तगर होय. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई, असे इसवी सनाच्या १ल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नमूद आहे. पैठणापासून हे नगर पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर! पेढीवर बसणाऱ्यास याहून आपला असा इतिहास कोणता? विटांचे त्रिविक्रम मंदिर तेथे उभे आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या पुराणवस्तूंचे संग्रहालयही तेथेच आहे. पुढील खेपेस मुलामुलींना सोबत न्यावे, दोन प्रहर तेथे घालवावे, आणि कोणी भिंतीवर नाव कोरू लागल्यास त्याचा हात धरावा.