पदराआडचे क्रौर्य

करवीरनिवासिनी अंबाबाईच्या नगरीतील सत्र न्यायालयाने २८ जून २००१ रोजी रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली. त्यांची आई अंजनाबाई खटला उभा राहण्यापूर्वीच कोठडीत मरण पावली होती. १९९० ते १९९६ या काळात तेरा बालकांचे अपहरण आणि त्यांपैकी नऊ जणांचे खून, असे हे आरोपपत्र होते. वरिष्ठ न्यायालयात पाच खुनांची दोषसिद्धी कायम राहिली.

‘स्त्री इतकी निर्दय होऊच कशी शकते?’ हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला. आम्हांला तो अपुरा वाटतो. या तिघींचा धंदा याच समजुतीवर चालत होता. पुण्यातील एका मंदिरात चोरी करताना रेणुका पकडली गेली. परंतु तिच्याजवळ तिचे लहान मूल होते. लेकुरवाळी बाई चोरी करील कशी, असे म्हणून लोकांनी तिला सोडून दिले. कडेवरचे मूल हे उत्तम कवच आहे, हा धडा त्यांनी तेथे घेतला आणि मग दुसऱ्यांची मुले पळवण्यास प्रारंभ झाला. कोल्हापुरातून उचललेले पहिले बालक एका भिक्षेकऱ्याचे होते. सीमा चोरी करताना पकडली गेली, तेव्हा जमावाचे लक्ष विचलित करण्यासाठी अंजनाबाईने त्या तान्ह्याला जमिनीवर आपटले. पुढे ते रडते म्हणून त्याला ठार मारले. पूतनाही मातेच्याच वेषात गोकुळात आली होती. आपण ती कथा मुलांना सांगतो आणि स्वतः मात्र विसरतो.

मातृत्वाला आपण वंदन करतो, ते यथार्थच आहे. परंतु पदर दिसताच विवेक बाजूला ठेवणे म्हणजे मातृपूजा नव्हे. या वंदनात त्या भिक्षेकरी आईला कितीसे स्थान होते? गर्दीची देवस्थाने, बसस्थानके, जत्रा येथून सहा वर्षे मुले नाहीशी होत राहिली. त्यांतील अनेक गोरगरिबांची. अंजनाबाईच्या विभक्त पतीच्या दुसऱ्या संसारातील मुलगी पळवली गेली आणि त्या मुलीच्या आईने पोलिसांकडे संशय बोलून दाखवला, तेव्हा १९९६च्या अखेरीस हे सारे उघडकीस आले. हा कौटुंबिक वैराचा धागा नसता तर?

शासनव्यवस्थेची तत्परताही पाहण्याजोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली फाशी कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला तो २०१४ साली. या अक्षम्य दिरंगाईचा ठपका ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. न्यायालयाचा तर्क कायद्याला धरूनच आहे. आमचा रोष मंत्रालयातील टेबलांवर पडून राहिलेल्या त्या कागदांवर आहे.

हरवलेल्या प्रत्येक बालकाची तक्रार अपहरण समजूनच नोंदवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. कोल्हापूरचे ते बालक नाहीसे झाले, त्याला तोवर तेवीस वर्षे लोटली होती.