राउटरची नोंदवही वाचताना

भिवंडी तालुक्यातील दिघाशी गावातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. ओसरीवर आई तांदूळ निवडीत बसलेली आहे आणि मुलगा भिवंडीच्या एखाद्या गोदामात कामाला गेला आहे. भिंतीवरचा कॅमेरा त्याला मोबाइलवर घर दाखवतो, म्हणून तो निश्चिंत असतो. एके दुपारी पडदा काळा होतो. ‘आई पडली तर नसेल ना?’ या शंकेने त्याचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी पहिला दूरध्वनी आईला आणि दुसरा शेजाऱ्यांना करावा. आई सुखरूप असल्याचे कळले, की मग यंत्राचा विचार. तेव्हा उपयोगी पडते ती राउटरने ठेवलेली यादी.

धर्मशाळेचा व्यवस्थापक आलेल्या प्रवाशाला खोली देतो आणि वहीत नोंद करतो. आपला राउटर हेच काम करतो. घरातील मोबाइल, दूरचित्रवाणी संच वा कॅमेरा वाय-फायला जोडला गेला, की राउटर त्याला एक क्रमांक देतो. त्यालाच आयपी पत्ता म्हणतात. हा पत्ता कायमचा नसतो. तो ठरावीक मुदतीपुरता, अनेकदा २४ तासांसाठी दिलेला असतो. या पद्धतीचे नाव डीएचसीपी.

यादी पाहण्यासाठी घरच्या वाय-फायला जोडलेल्या मोबाइलवर ब्राउझर उघडावा आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा पत्ता त्यात लिहावा. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आत ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ किंवा ‘डीएचसीपी क्लायंट्स’ या नावाखाली यादी मिळते. प्रत्येक उपकरणापुढे त्याचे नाव, आयपी पत्ता आणि बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता असतो. आयपी पत्ता बदलू शकतो. म्हणून ओळखीसाठी मॅक पत्ता टिपून ठेवावा.

आता दिघाशीच्या त्या घराकडे परत येऊ. सध्या जोडलेल्या उपकरणांत कॅमेरा दिसत नसेल, तर त्याची वीज, प्लग किंवा वाय-फायचा पासवर्ड तपासावा. कॅमेरा यादीत आहे आणि तरीही बाहेरून दिसत नाही, तर बाहेरून येणारी इंटरनेटची जोडणी खंडित झाली असण्याची शक्यता अधिक. घरातल्या मोबाइलवर वाय-फायने काही उघडते का, हे पाहिले की उलगडा होतो. वीज गेली की राउटरही बंद पडतो. त्याला लहान बॅटरी-संच जोडणे हा उत्तम खर्च होय. एक सावधगिरी मात्र हवी. मुदत संपेपर्यंत बंद उपकरणाचे नावही डीएचसीपीच्या यादीत राहू शकते. तसेच ब्लूटूथवर चालणारा रक्तदाबमापक या यादीत दिसणारच नाही.

अनोळखी नाव दिसले, तरी लगेच घाबरू नये. अलीकडचे मोबाइल खाजगीपणासाठी आपला खरा मॅक पत्ता लपवून दुसराच दाखवतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ही सोय आहे. एकेका मोबाइलचे वाय-फाय क्षणभर बंद करावे आणि कोणते नाव गळते ते पाहावे. प्राणवायू देणारे यंत्र किंवा रुग्णाचे अन्य कोणतेही उपकरण या शोधासाठी कदापि बंद करू नये. एवढे करूनही नाव ओळखता आले नाही, तर वाय-फायचा आणि राउटरचा पासवर्ड बदलावा. वाय-फायचा पासवर्ड बदलला, की तो कॅमेऱ्यासह सर्व उपकरणांत पुन्हा भरावा लागतो. म्हणून हे काम घरात जाणते माणूस हजर असेल त्याच दिवशी करावे. राउटरमागचे बारीक छिद्रातले ‘रीसेट’चे बटण आपण होऊन दाबू नये.

‘तुमच्या वाय-फायमध्ये चोर शिरला आहे, हे ॲप घ्या, ओटीपी सांगा’ असा दूरध्वनी आला, तर तो तत्काळ ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

शेवटी एक गोष्ट मुलांसाठी. औषधांच्या वेळापत्रकाशेजारी एक कागद लावा आणि त्यावर लिहा: कोणते उपकरण, कोणत्या खोलीत, मॅक पत्त्याची शेवटची चार अक्षरे, कोणी बसवले. तो कागद आईला वाचून दाखवा. आपल्या घरात कोणता डोळा कुठे उघडा आहे, हे जाणण्याचा पहिला अधिकार तिचा आहे. ‘या खोलीत कॅमेरा नको’ असे ती म्हणाली, तर तो काढा. आणि कॅमेरा असो वा नसो, सायंकाळचा दूरध्वनी चुकवू नका. तिची ख्यालीखुशाली कोणत्याही यादीत उमटत नाही.