होटगीकरांनो, कॉलेजचा पहिला आठवडा बुडवू नका

बारावीचा निकाल लागला. पेढे वाटून झाले. सोलापुरात प्रवेशही झाला. मग घरात कोणीतरी म्हणतं, ‘सुरुवातीला कुठं शिकवतात? आठ-पंधरा दिवसांनी गेलं तरी चालतंय.’ मुलगा पेरणीला थांबतो. मुलगी मामाच्या गावाला जाते.

असं करू नका. पेरणीला दुसरं माणूस बघा, पण पहिल्या आठवड्यात मुलांना कॉलेजला पाठवा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाचा कार्यक्रम आखून दिला. पदवीच्या पहिल्या वर्षात येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी तो आहे. मुलांची आपसांत ओळख व्हावी, शिक्षकांशी आणि वरच्या वर्गातल्या मुलांशी नातं जुळावं, नियम कळावेत, कॉलेज आतून बघायला मिळावं, एवढाच त्याचा हेतू.

काही कॉलेजं हे मन लावून करतात. काही ठिकाणी हार-तुरे आणि भाषणांत एका सकाळी उरकतं. उरकलं तरी पाठवा. विषयांची यादी, वेळापत्रक, वर्गाच्या ग्रुपचा नंबर, कार्यालयाची खिडकी या गोष्टी त्याच दिवसांत कळतात. नंतर विचारायला मूल लाजतं. ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजला गेलेलं नाही, ते तर फारच लाजतं.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असं समजू नका. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना विद्यापीठाने १९७२ मध्ये नव्या मुलांसाठी एक वेगळा वर्ग सुरू केला. लहान वर्ग, सत्रभर चालणारा, कॉलेजात कसं राहायचं आणि कसं शिकायचं हे सांगणारा. पुढे तिथल्या कम्युनिटी कॉलेजांनीही ही रीत उचलली. ही कॉलेजं गावाजवळची, कमी फीची आणि दोन वर्षांची असतात. काम करत शिकणारी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली बरीच मुलं तिथे असतात. सगळं एकाच दिवशी सांगितलं तर डोक्यावरून जातं, म्हणून अशा वर्गांत एका वेळी एकच विषय घेतात.

आपल्या गावात हे करायला पैसा लागत नाही. शाळेचा एक वर्ग मागून घ्या. रविवारी संध्याकाळी तासभर बसा. एक रविवार, एक विषय. सांगणारे गावातच आहेत. एफवाय, एसवाय करून बसलेली मुलं-मुली गल्लोगल्ली सापडतील.

पहिला विषय कागदपत्रांचा घ्या. सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. तो बहुतेक वेळा सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात भरला जातो. भरा, हरकत नाही. पण अर्जात मोबाईल नंबर तुमच्याच घरातला द्या. दुकानदाराचा देऊ नका. तो मदत म्हणून स्वतःचा नंबर टाकतो. पुढच्या वर्षी त्याने सिम बदललं की तुमचा अर्ज उघडत नाही. युजरनेम आणि पासवर्ड घरी वहीत लिहून ठेवा. अर्ज एकदा भरला म्हणजे झालं, असंही नसतं. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. ‘आमचं खातं आहे की’ म्हणून थांबू नका. मुलाच्या नावचं कोणतं खातं आधारला जोडलंय ते बँकेत जाऊन विचारा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. जातीचा दाखला आणि लागत असेल तर नॉन क्रिमीलेअर हाताशी ठेवा. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढून एकाच पिशवीत घाला. मूळ कागद कोणाकडे ठेवायला देऊ नका.

दुसरा विषय क्रेडिटचा. हा नवा आहे, त्यामुळे जुन्या पदवीधर काकांचा सल्ला इथं अपुरा पडेल.

२०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही पदवीच्या पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. एका सत्राला २२ क्रेडिट असतात. मुख्य विषयाबरोबर भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्य, भारतीय ज्ञानपरंपरा असे दोन-दोन क्रेडिटचे छोटे विषय येतात. एनएसएस, खेळ, कला यांनाही क्रेडिट आहे. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयाला तीसच तास मिळतात. त्यातले पहिले चार-पाच तास बुडले की मूल मागे पडलंच.

मुलं या छोट्या विषयांना हसतात. त्यांना हसू नये. मुख्य विषयात पास आणि दोन क्रेडिटमध्ये नापास झालं तरी तो विषय सोडवल्याशिवाय पदवी हातात येत नाही. परीक्षेच्या मार्कांबरोबर कॉलेजातल्या कामाचेही मार्क असतात. ते वर्गात बसल्याशिवाय मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवा. अडचण आली आणि शिक्षण थांबवावंच लागलं, तर मधूनच सोडू नका. पहिलं वर्ष पुरं करा. दोन सत्रांचे ४४ क्रेडिट आणि वरचं चार क्रेडिटचं काम झालं की प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. मिळवलेले क्रेडिट मुलाच्या नावावर क्रेडिट बँकेत सात वर्षं राहतात. मुलीचं लग्न ठरलं म्हणून मार्चमध्ये कॉलेज सोडायला लावणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. परीक्षा होऊ द्या. दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

तिसरा विषय जाण्या-येण्याचा. सोलापूर जवळ आहे म्हणून याचा कोणी हिशोब करत नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास होता. तो आता संपला. पुढे विद्यार्थी पास काढावा लागतो, त्यात साधारण एक तृतीयांश भाडं भरायचं असतं. त्यासाठी कॉलेजचं बोनाफाईड लागतं, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात मागा. आपलं गाव रेल्वेचं जंक्शन आहे. पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देण्याची तरतूद रेल्वेच्या नियमांत आहे. गाडीची वेळ जमत असेल तर स्टेशनच्या खिडकीवर चौकशी करा.

विद्यापीठात काम पडलं तर ते केगावला आहे, पुणे रस्त्यावर, शहराच्या पलीकडच्या टोकाला. २००४ मध्ये जिल्ह्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, त्याआधी आपली मुलं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. आता कागदासाठी कोल्हापूर गाठावं लागत नाही, हे सुखच. तरी केगावला जाताना दिवस मोडतोच. आधी कॉलेजच्या कार्यालयात विचारा. पुष्कळ कामं तिथंच होतात.

चौथा विषय भाषेचा. आपल्याकडे कितीतरी घरांत कन्नड बोलतात. मूल शाळेत मराठीत शिकतं आणि बीएस्सीला गेलं की पुस्तक इंग्रजीत येतं. पहिल्या महिन्यात काहीच कळत नाही. मूल घरी सांगत नाही, नुसतं गप्प होतं. तुम्ही रागावू नका. त्याला सांगा, शिक्षकांना वर्गानंतर मराठीत विचार. सोलापूरच्या शिक्षकांना हे नवीन नाही. रोज दहा नवे इंग्रजी शब्द वहीत लिहायला लावा. दिवाळीपर्यंत फरक दिसतो.

रॅगिंगबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाबरोबर तुमच्याकडूनही हमीपत्र घेतात. वाचून सही करा. १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत मदत क्रमांक आहे, तो मुलाच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा. तक्रार केली म्हणून मुलाला घरी बसवू नका.

आता गावातल्या जुन्या विद्यार्थ्यांना विनंती. तुम्ही ठेचा खाऊन शिकलात. एका संध्याकाळी तासभर या आणि सांगा. शहाणपण मिरवू नका, कोणत्या खिडकीवर किती वाजता जायचं तेवढंच सांगा.

आई-वडिलांनो, तुम्हीही मुलांबरोबर बसा. शिक्षण नसलं तरी बसा. कोणता कागद कुठे ठेवलाय हे घरात तुम्हालाच माहीत असतं. कॉलेज उघडण्याच्या आधीच्या रविवारी पहिली बैठक घ्या आणि येताना कागदांची पिशवी घेऊन या.